पेढीवरून उतरल्यावर

पहाटे साडेपाचला जाग येते. डोळे पुरते उघडण्यापूर्वीच हात उशीखाली किल्ल्यांचा जुडगा शोधू लागतो आणि रिकामा परत येतो. किल्ल्या आता तेथे नाहीत. गेल्या दिवाळीला वहीपूजन झाल्यावर शेठजींनी त्या पुतण्याच्या हाती ठेवल्या, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावची बेचाळीस वर्षे सांभाळलेली किराणा-भुसाराची पेढी मागे ठेवून ते सपत्नीक मुलाकडे आकुर्डीला राहावयास आले. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात अभियंता, सून हिंजवडीला नोकरीस, नातू दुसरीत. प्राधिकरणातील इमारतीचा तिसरा मजला, समोर झाडांची रांग, आणि वारा अनुकूल असला तर आकुर्डी स्थानकाकडून येणारा लोणावळा लोकलचा आवाज. घर चांगले आहे. मुलगा-सून मायाळू आहेत. तक्रार करावी असे काही नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे.

निघताना गावातील प्रत्येकाने एकच वाक्य उच्चारले होते, ‘शेठ, आता आराम करा.’ आराम कसा करावयाचा असतो, हे मात्र कोणीही सांगितले नाही.

समाजात अशी घरे थोडी नाहीत. नगर, बीड, सोलापूर भागांतील बाजारपेठांत गादीशेजारी बसून पाढे पाठ केलेली मुले शिकली, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत, कार्यालयांत लागली, आणि साठी-सत्तरीच्या टप्प्यावर आई-वडील त्यांच्यामागे आले. नगरहून आकुर्डीला येण्याची ही वाटही तशी नवी नाही. नगरच्या फिरोदिया घराण्यातील नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये जर्मन कंपनीच्या सहकार्याने तीनचाकी मालवाहू टेम्पोच्या निर्मितीत पाऊल टाकले. तीच बजाज टेम्पो, म्हणजे आजची फोर्स मोटर्स, पुढे आकुर्डीत स्थिरावली. बजाज ऑटोचा कारखानाही येथलाच, आणि मुंबईचे वास्तव्य सोडून आलेल्या राहुल बजाज यांनी कारखान्याच्या आवारातील वसाहतीतच संसार थाटला. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी ही गावे मिळून नगरपालिका झाली, १९७२ मध्ये वाढत्या कामगारवर्गाला घरे मिळावीत म्हणून नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, १९८२ मध्ये महानगरपालिका आली. त्या पिढीतील माणसे आकुर्डीला आली ती वेग वाढविण्यासाठी. आजचे वडीलधारे तेथेच येतात ते वेग कमी करण्यासाठी, आणि हे दुसरे काम पहिल्याहून सोपे आहे असे मानण्याचे कारण नाही.

पहिले काही आठवडे शेठजी सकाळी सहाला उद्यानात जाऊ लागले. तेथे फेऱ्या मारणाऱ्यांत कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगार आणि पर्यवेक्षक पुष्कळ. आकुर्डीतील बजाज ऑटोचे वाहन-उत्पादन २००७ मध्ये थांबले, त्या काळच्या गोष्टी सांगणारेही त्यांत भेटतात. कोणी तीस वर्षे पाळ्यांत काढलेली. रात्रपाळीची झोप अजून पुरी व्हावयाची आहे असे हसत सांगणारी. या मंडळींशी बोलताना शेठजींच्या ध्यानात एक गोष्ट आली. त्या प्रत्येकाला आपल्या निवृत्तीची तारीख तोंडपाठ होती. त्या दिवशी शाल-श्रीफळ मिळाले, साहेबांनी दोन शब्द सांगितले, भविष्य निर्वाह निधीचा हिशेब झाला, प्रवेशद्वारावरचे ओळखपत्र परत घेतले गेले. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तरी तो आपल्यासाठी नाही, हे त्यांना कळत होते. ‘तुम्ही कधी निवृत्त झालात?’ असे त्यांनी शेठजींना विचारले, तेव्हा उत्तर सुचले नाही. दिवाळीला किल्ल्या दिल्या खऱ्या. पण भागीदारीत नाव होते, बँकेत सही होती, आणि खिशात मोबाइल होता.

व्यापाऱ्याला निवृत्तीची तारीख नसते. पूर्वी ती नसली तरी चालत असे, कारण त्याऐवजी पायऱ्या होत्या. पुढे दुकान, मागे वाडा. वयोमानाने डोळ्यांना खतावणी दिसेनाशी झाली की वडील गादीवरून उठत आणि दुकानाच्या ओट्यावर येऊन बसत. गल्ला मुलाकडे जाई. परंतु आल्यागेल्याचा नमस्कार ओट्यावरच होई. कोणत्या शेतकऱ्याचा बाप कसा होता, कोणाची उधारी ऊसबिलावर मिळते आणि कोणाची कांद्याची पट्टी झाल्याशिवाय मिळत नाही, हे मुलगा ओट्याकडे मान वळवून विचारीत असे. मग गुडघे साथ देईनासे झाले की ओट्यावरून माजघरात. तेथेही संध्याकाळी रोजमेळ मिळाला की नाही, एवढे विचारले जाई. शेठजींचे वडील असेच टप्प्याटप्प्याने उतरले. त्यांना उतरण्यास अकरा वर्षे लागली आणि आपण उतरत आहोत हे त्यांना बहुधा कधी जाणवलेही नाही. शेठजी मात्र त्या साऱ्या पायऱ्या एका दुपारी, मोटारीच्या मागच्या आसनावर बसून उतरले. गादीवरून थेट तिसऱ्या मजल्यावर! मध्ये ओटा आलाच नाही. (तिसऱ्या मजल्यावर जाण्यास उतरणे म्हणावे का, हा प्रश्न त्यांच्या सौभाग्यवतींनी विचारला होता, त्याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.)

ओटा नसला की माणूस तो कोठून तरी तयार करतो. शेठजींचा ओटा मोबाइलमध्ये होता. चोरीच्या भीतीने दोन वर्षांपूर्वी दुकानात चार कॅमेरे बसविले होते आणि ते चित्र कोठूनही पाहता येत असे. आकुर्डीत आल्यावर न्याहारीनंतर ते गॅलरीत बसत आणि दुपारपर्यंत दुकान पाहत. साखरेचे पोते उन्हात ठेवले. हमाल टेम्पोपाशी गप्पा मारीत आहे. गिऱ्हाईक तीन मिनिटे उभे आहे आणि पोरगा फोनवर बोलत आहे. दिसले की लगेच फोन. पुतण्या गुणी आहे. पहिला महिनाभर तो प्रत्येक फोनला ‘हो काका, बघतो काका’ म्हणत राहिला. माघातल्या एका दुपारी, दुकानात गर्दी असताना सहावा फोन गेला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘काका, एक सांगा, दुकान मी बघायचे की तुम्ही?’

शेठजींनी फोन ठेवला. त्या दिवशी जेवणात त्यांचे लक्ष नव्हते. दोन दिवसांनी कॅमेऱ्याचे चित्र दिसेनासे झाले. ‘इंटरनेटचे काहीतरी झाले आहे काका,’ असे पुतण्याने सांगितले. ‘इंटरनेटचे नव्हे,’ असे सौभाग्यवती म्हणाल्या आणि त्यापुढे काही बोलल्या नाहीत.

त्यांच्याविषयी येथे लिहिले पाहिजे, कारण अशा स्थलांतराच्या कथांत स्त्रीचे सर्व काही सुरळीत चालले आहे असे गृहीत धरले जाते. स्वयंपाक तेथेही होता, येथेही आहे. मग तिचे काय बदलले? बदलले हे की स्वयंपाकघर आता त्यांचे नव्हते. डबे कोठे ठेवावयाचे, तेल किती आणावयाचे, कामाला येणाऱ्या बाईला काय सांगावयाचे, हे सुनेने बसविलेले होते आणि ते मोडण्याचा त्यांना अधिकार वाटत नव्हता. कांदा-लसूण-बटाटा न वापरणाऱ्या सासूबाई आणि डब्यात बटाट्याची भाजी मागणारा नातू, हा प्रश्न तिसऱ्याच दिवशी उभा राहिला. सुनेने दोन कढया वेगळ्या केल्या आणि तो सोडविला. त्यावर कोणी भाषण केले नाही, म्हणूनच बहुधा तो सुटला. उन्हाळ्यात उडदाचे पापड करावेत असे त्यांच्या मनात आले, तर इमारतीच्या गच्चीला कुलूप. किल्ली सचिवांकडे. सचिवांच्या पत्नीला पापड शिकावयाचे होते, असे निघाले. चैत्रात त्या गच्चीवर पाच जणींनी मिळून चार किलोंचे पापड लाटले. शेठजींना आकुर्डीत पहिली ओळख मिळाली ती या पापडांमुळे. आठवडाभर ते ‘पापडवाल्या काकूंचे मिस्टर’ होते. ज्या माणसाला गावात चार दशके सारे ‘शेठ’ म्हणत आले, त्याला हे ऐकावयाला कसे वाटले असेल याची कल्पना करता येते. त्यांनी मात्र ते हसून सांगितले, एवढे खरे.

दिवसाचे वेळापत्रक ही आणखी एक गोष्ट. गावी पेढी आणि चौविहार यांचे जमलेले होते. सूर्यास्तापूर्वी पोऱ्याला गल्ल्यावर बसवून शेठजी मागच्या दाराने घरात जात, जेवून परत येत; बाजारपेठेतील इतर समाजबांधवही तेच करीत, आणि गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक होते. या भागात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. मुलगा चाकणहून येतो आठला, सून साडेसातला. रस्त्यावर वाहने अडकली तर त्याहूनही उशिरा. म्हणजे जेवणाच्या ताटावर दोघे वृद्ध आणि समोर भिंत. सुरुवातीला सून ओशाळून म्हणे, ‘पप्पा, आम्हाला रोज उशीर होतो.’ यात तिचा दोष नव्हता आणि त्यांचाही. एकत्र राहावयास येऊनही एकत्र जेवण होत नाही, हे सत्य उघड्या डोळ्यांनी स्वीकारावे लागले. आता मुलगा-सून जेवावयास बसतात तेव्हा शेठजी पाण्याचा घोटही न घेता टेबलाशी येऊन बसतात. नातू गृहपाठाची वही तेथेच आणतो. रविवारी मात्र सारे घर सूर्यास्तापूर्वी जेवते. हा नियम सुनेनेच केला.

वेळ पुष्कळ झाला की धर्मध्यान वाढते, अशी समजूत आहे. पेढीवर असताना पहाटेचे अठ्ठेचाळीस मिनिटांचे एक सामायिक शेठजी कधी चुकवीत नसत. आकुर्डीत स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर, दिवस मोकळा. त्यांनी दिवसाला चार करावयाचे ठरविले. चौथ्या दिवशी त्यांना कळले की दुसऱ्या सामायिकात मन दुकानात जाते आणि तिसऱ्यात झोप येते. स्थानकातील एका वयस्क श्रावकांनी त्यांना सांगितले की वेळ घालविण्यासाठी केलेले सामायिक वेळेलाही कळते. ते पुन्हा एकावर आले, आणि ते एक बरे होऊ लागले.

या सर्वांहून गंभीर गोष्ट फाल्गुनात टपालाने आली. पेढीच्या कॅश क्रेडिट खात्याच्या वार्षिक नूतनीकरणाची कागदपत्रे पुतण्याने पाठविली होती. सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या. शेठजींना आनंद झाला. कोणीतरी सही मागितली होती! चष्मा लावून ते फुलीमागून फुली सही करीत निघाले. मुलगा शेजारी बसून कागद चाळीत होता. अखेरच्या संचापाशी त्याने हात धरला. ‘पप्पा, हे नेहमीचे नाही.’ मर्यादा वाढवून मागितली होती, आणि वाढीव मर्यादेसाठी तारण म्हणून गावचा वाडा लिहिला होता. वाडा शेठजींच्या नावावर.

पुतण्याने काही लपविले नव्हते. एका नव्या मालाची एजन्सी त्याला मिळत होती, त्यासाठी भांडवल हवे होते, आणि आपल्या घरात तारण नेहमी काकांचेच असते, एवढाच त्याचा विचार. येथे बँकेच्या बाजूने काय दिसते ते पाहिले पाहिजे, कारण व्यापारी कुटुंबांत याविषयी फार गैरसमज आहेत. किल्ल्या देणे म्हणजे निवृत्ती नव्हे. बँकेच्या दप्तरी आकुर्डीचे शेठजी अजून पेढीवरच बसलेले होते, भागीदार म्हणूनही आणि जामीनदार म्हणूनही. भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ३२ अन्वये भागीदार निवृत्त झाला तरी त्याची जाहीर सूचना दिली जाईपर्यंत तिऱ्हाइतांच्या दृष्टीने तो पेढीच्या व्यवहारांना बांधलेला राहतो. नोंदणीकृत पेढी असेल तर ही सूचना भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे, शासकीय राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका देशी भाषेतील वृत्तपत्रात द्यावी लागते. वस्तू व सेवा कर नोंदणीत भागीदारांतील बदल पंधरा दिवसांत कळवावयाचा असतो. आणि जामिनाचे प्रकरण याहून निराळे. भागीदारी सोडली म्हणून जामीन सुटत नाही. करार अधिनियम, १८७२ च्या कलम १३० प्रमाणे चालू जामीन पुढील व्यवहारांपुरता लेखी सूचना देऊन मागे घेता येतो. पण त्या दिवसापर्यंतच्या येण्याची जबाबदारी राहते, आणि करारपत्रात बँकेने कोणत्या अटी घातल्या आहेत हे आधी वाचावे लागते. व्यवहारात बँक जामीनदारास मोकळे करते ते दुसरा जामीनदार किंवा दुसरे तारण हाती आल्यावरच. हे सर्व नीट करण्यास महिने लागतात. पुष्कळ घरांत ते केलेच जात नाही. वडील आकुर्डीच्या बागेत फेऱ्या मारीत असतात आणि त्यांची सही तिकडे कर्ज वाढवीत असते.

शेठजींनी दोन रात्री विचार केला. सही नाकारावी तर पुतण्यावर अविश्वास दाखविल्यासारखे. करावी तर ज्या वाड्यात परत जाता येईल असे ते मनात धरून होते, तोच पणाला लागणार. आकुर्डीचे दिवस सोसता येत होते ते त्या वाड्याच्या भरवशावर, हे त्यांनी तोपर्यंत कोणाजवळ, स्वतःजवळही, कबूल केले नव्हते. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, ‘अहो, आपल्या नावावर मग काय राहील?’

अक्षय्य तृतीयेला सारे गावी जमले. मुलाने समाजातील एका सनदी लेखापालांना बोलाविले होते. बैठक ओसरीत झाली, आणि ती गोड झाली असे म्हणता येणार नाही. शेठजी भागीदारीतून निवृत्त होतील, भांडवली खात्यातील रक्कम चार वर्षांत हप्त्यांनी आणि व्याजासह त्यांना मिळेल, पुतण्याचा भाऊ भागीदार म्हणून येईल, आणि वाडा तारणात जाणार नाही. म्हणजेच एजन्सी लहान प्रमाणात सुरू होईल. शेवटचा मुद्दा वाचला गेला तेव्हा पुतण्याचा चेहरा उतरला. ‘काका, माझ्यावर विश्वास नाही का?’

‘विश्वास आहे म्हणून गादी दिली ना बेटा. वाडा तुझ्या काकूचा आहे.’

पुतण्या उठून दुकानात गेला. सह्या त्याने संध्याकाळी केल्या. नंतर पाच आठवडे त्याचा फोन आला नाही. हिशेब बरोबर होता, निर्णयही बरोबर होता, आणि तरीही ते पाच आठवडे शेठजींना फार जड गेले. कागद चोख केल्याने माणसे दुखावली जात नाहीत असे कोणी सांगत असेल, तर त्याने घरचा कारभार पाहिलेला नसावा. मात्र कागद न केल्याने पुढच्या पिढीत चुलत भावंडांची तोंडे बंद झालेली घरे प्रत्येक बाजारपेठेत दाखविता येतील. पाच आठवडे त्या मानाने थोडेच.

पैशाच्या बाबतीत आणखी एक. येणारे हप्ते मुलाच्या खात्यात जमा व्हावेत, ‘एकाच घरात वेगळे खाते कशाला,’ अशी शेठजींची पहिली सूचना होती. लेखापालांनी ती मानली नाही, आणि योग्यच केले. हप्ते दोघांच्या संयुक्त खात्यात येतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठ वर्षांवरील व्यक्तीस २०२३ पासून तीस लाख रुपयांपर्यंत ठेवता येतात. मुदत पाच वर्षे, व्याज दर तिमाहीस हातात. व्याज जमा झाले की शेठजी बसने शाखेत जातात आणि पासबुक भरून आणतात. हे काम मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होते असे नातवाने दाखविले आहे. त्यांना अर्धा मिनिट नको आहे. रांगेत उभे राहावे, खिडकीतल्या मुलीने नाव घेऊन हाक मारावी, परतताना पिंपरीच्या बाजारातून तूरडाळीचा भाव विचारीत यावे, असा तो पुरा अर्धा दिवस त्यांना हवा असतो. वाडा किंवा ठेवी हयातीत मुलांच्या नावे करण्याविषयी त्यांना अनेकांनी सुचविले. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्यात, कलम २३ खाली, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मिळविण्याची सोय आहे. पण ती अट दानपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. नवीन गावी आल्यावर पहिल्या वर्ष-दोन वर्षांत असा कोणताच दस्त न करणे उत्तम. मन स्थिर नसताना माणूस फार उदार तरी होतो किंवा फार संशयी तरी.

ज्येष्ठात पालखी आली. देहूहून सप्तमीला प्रस्थान ठेवणारी तुकाराम महाराजांची पालखी दुसऱ्या दिवशीच्या मुक्कामाला आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असते. मोटारीने अर्ध्या-पाऊण तासाचे हे अंतर ती दिवसभर चालून येते आणि थांबते. इमारतीच्या मंडळींनी वारकऱ्यांसाठी पोहे आणि पाणी देण्याचे ठरविले होते. किती पोहे लागतील यावर चार अभियंते मोबाइलवर हिशेब मांडीत होते. शेठजींनी एक पोते कमी आणि शेंगदाणे जास्त आणावयास सांगितले. पोहे कोणते, जाड की पातळ, भिजून किती होतात, हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते. माल त्यांनी निगडीच्या एका किराणा दुकानातून आणविला. दुकानदार तिशीचा, वडील नुकतेच गेलेले, दुकानाचा सारा भार अंगावर. शेठजींनी पोत्यात हात घालून पोहे तळव्यावर घेतले, फुंकर मारली आणि दुसरे पोते काढावयास लावले. पैसे देऊन ते निघाले तेव्हा तो मुलगा म्हणाला, ‘काका, डाळीचा माल आला आहे, जरा बघता का?’

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, सकाळी अकराला, ते त्या दुकानात जाऊन बसतात. एक प्लॅस्टिकची खुर्ची बाहेर काढली जाते. डाळ हातावर चोळून कोंडा किती निघतो ते पाहावयाचे, उधारीची वही कशी लिहावयाची ते सांगावयाचे, आणि बारा वाजता उठावयाचे. बारानंतर बसावयाचे नाही हा नियम त्यांनी स्वतःच घातला आहे. गल्ल्याला ते हात लावीत नाहीत, भाव सांगत नाहीत, विचारल्याशिवाय बोलत नाहीत. हे शेवटचे त्यांना अवघड जाते. खुर्चीत बसून ते कधी कधी ओठ मिटून छताकडे पाहत असतात.

पुतण्याचा फोन आषाढात आला. एका जुन्या शेतकऱ्याच्या खात्यात अठरा हजारांची बाकी निघत होती. तो म्हणे, त्यातील सात हजार शेठजींच्या हाती दिलेले आहेत. कागदावर नोंद नव्हती. शेठजींनी क्षणभर डोळे मिटले. ‘दिले आहेत. मुलीच्या लग्नाच्या आधी, पोळ्याच्या दिवशी. मीच लिहावयाचे राहिलो. माझ्या हप्त्यातून वळते कर.’ पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग पुतण्या म्हणाला, ‘राहू द्या काका, बघतो मी. काकूंचे गुडघे कसे आहेत?’ आता दर रविवारी संध्याकाळी तो फोन करतो. प्रश्न त्याने विचारावयाचे, शेठजींनी उत्तर द्यावयाचे, असा क्रम आपोआप पडला आहे.

निवृत्तीची जाहीर सूचना नगरच्या वृत्तपत्रात आली. ते कात्रण कपाटात आहे. निबंधकाकडील नोंद झाली. बँकेकडून जामीनमुक्तीचे पत्र मात्र अद्याप यावयाचे आहे, आणि मुलगा दर पंधरवड्यास त्याची आठवण करून देतो. दुकानातील कॅमेरे पुन्हा दिसू लागले आहेत. पुतण्याने नवा सांकेतिक शब्द स्वतः कळविला. शेठजी दुपारच्या जेवणानंतर एकदा उघडतात, शटर वर आहे आणि आत उजेड आहे एवढे पाहतात, आणि चष्मा काढून ठेवतात. पहाटे साडेपाचला हात अजूनही उशीखाली जातो.